नोंदवहीतली प्रश्नचिन्हे

शाळेतील पावसाची, विहिरीच्या पातळीची किंवा पक्ष्यांची रोजनिशी आता अनेक ठिकाणी वहीबरोबर संगणकातही ठेवली जाते. त्यासाठी टेबलावरच्या संगणकात एक छोटासा प्रोग्राम असतो. तारीख, शीर्षक आणि मजकूर लिहायचा, 'पाठवा' हे बटण दाबायचे, की नोंद दूरच्या एका मोठ्या संगणकात, म्हणजे सर्व्हरवर, जाऊन बसते. जोडणी नसेल तर ती आपल्याच संगणकात थांबते आणि जोडणी मिळाली की पुढे जाते. अशा पद्धतीला सार्वजनिक रूप मिळाले ते विसाव्या शतकाच्या अखेरीस. अमेरिकेत ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी १९९९ साली 'लाइव्हजर्नल' ही रोजनिशीची सेवा सुरू केली. तिच्यासाठी लोकांनी असे कितीतरी छोटे लेखन-प्रोग्राम तयार केले.

सायकल बिघडली की आवाज येतो, पंप बिघडला की पाणी येत नाही. नोंदींचा प्रोग्राम बिघडला तर मात्र बहुधा काहीच जाणवत नाही. तो निमूटपणे चुकीचे काहीतरी साठवत राहतो आणि सहा महिन्यांनी कोणी जुनी नोंद उघडली की तेथे नुसती प्रश्नचिन्हे दिसतात.

समजा, अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यातील हिवरखेडच्या एखाद्या शाळेने अशी रोजनिशी ठेवली आहे. गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. दक्षिणेकडे पूर्णेच्या खोऱ्यात उतरावे तर खारपाणपट्टा लागतो. अशा भागात कोणत्या महिन्यात किती मिलिमीटर पाऊस पडला, विहीर किती खाली गेली, पाणी गोडे होते की मचूळ, याच्या दहा वर्षांच्या नोंदी फार मोलाच्या ठरतील. त्या पुसल्या गेल्या तर पुन्हा करता येत नाहीत, कारण पडून गेलेला पाऊस परत मोजता येत नाही. म्हणून या प्रोग्रामचे आजार ओळखायला शिक्षकांनी आणि वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी शिकले पाहिजे. त्यासाठी प्रोग्राम लिहिता येण्याची गरज नाही. भागाकार येत असला म्हणजे पुरे.

अक्षर म्हणजे एक क्रमांक

संगणक अक्षरे साठवत नाही, आकडे साठवतो. कोणत्या आकड्याचे कोणते अक्षर, हे दोन्ही बाजूंनी आधी ठरलेले असावे लागते. आपल्या बहुतेक अडचणींचे मूळ या 'ठरण्यात'च आहे.

भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाचा संकेत तयार झाला आणि १९९१ मध्ये तो भारतीय मानक म्हणून स्वीकारला गेला. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेले 'जिस्ट' तंत्र याच घराण्यातले. पण छपाईच्या आणि टंकलेखनाच्या धंद्यात दुसरीच वाट रुळली. तेथे इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक ठेवून फक्त फॉन्टमध्ये मराठी आकार भरले गेले. 'कृतिदेव' हा त्याचा परिचित नमुना. कृतिदेवमध्ये 'हिवरखेड' लिहायचे तर कळा दाबल्या जातात त्या अशा: एफ, जी, ओ, जे, डावा चौकटी कंस, के, एस आणि मोठा एम. संगणकाच्या दृष्टीने तेथे 'हिवरखेड' नाहीच. आठ निरर्थक इंग्रजी चिन्हे आहेत. फॉन्ट काढून घेतला की मराठी संपली.

या आठ कळांकडे जरा लक्ष द्या. पहिली कळ वेलांटीची आहे, 'ह' तिच्यानंतर येतो. कागदावर ऱ्हस्व वेलांटी डावीकडे दिसते म्हणून ती आधी. आणि 'ख' एका कळेत होत नाही. अर्धा 'ख' आणि काना अशा दोन कळांनी होतो. म्हणजे हा संकेत डोळ्यांना दिसणाऱ्या आकारांचा आहे, उच्चाराचा नाही.

युनिकोडने १९९१ मध्ये देवनागरीला २३०४ ते २४३१ असे १२८ क्रमांक दिले आणि त्यांची मांडणी इस्कीच्या आधारे केली. येथे क्रम उच्चाराचा असतो. 'हिवरखेड' म्हणजे ह (२३६१), ऱ्हस्व वेलांटी (२३६७), व (२३५७), र (२३५२), ख (२३२६), मात्रा (२३७५) आणि ड (२३३७), असे सात क्रमांक. वेलांटी 'ह'नंतर साठवली जाते. ती डावीकडे नेऊन दाखवणे हे पडद्याचे काम.

चौसष्टने भागा

एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. मग २३६१ कसा ठेवायचा? यावर केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये जी युक्ती काढली ती आज 'यूटीएफ-८' या नावाने जगभर वापरात आहे. देवनागरीच्या अक्षरासाठी ती अशी चालते.

क्रमांकाला ६४ ने भागा. २३६१ भागिले ६४, भागाकार ३६ आणि बाकी ५७. भागाकारात १२८ मिळवा, म्हणजे १६४. बाकीत १२८ मिळवा, म्हणजे १८५. या दोहोंच्या आधी २२४ लिहा. झाला 'ह': २२४, १६४, १८५. आता मात्रेचा २३७५ घ्या. भागाकार ३७, बाकी ७. म्हणून २२४, १६५, १३५. वर्गात प्रत्येकाला आपल्या नावाचे बाइट काढायला सांगा. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, पहिला नेहमी २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५ असतो, हे मुलांच्या आपोआप लक्षात येईल. 'हिवरखेड'चे एकवीस बाइट होतात.

हे आकडे माहीत असले की बिघडलेल्या पानाकडे पाहून नेमके काय झाले ते सांगता येते.

लक्षणावरून निदान

पहिले लक्षण: पानभर एकच परदेशी अक्षर पुन्हा पुन्हा दिसते, डोक्यावर तिरकी रेघ असलेला लहान इंग्रजी ए. त्याच्या शेजारी चार काटे असलेले छोटे वर्तुळ किंवा जपानी येनचे चिन्ह. पश्चिम युरोपीय भाषांसाठी विंडोजमध्ये जो १२५२ क्रमांकाचा जुना तक्ता आहे, त्यात २२४ म्हणजे तो रेघेचा ए, १६४ म्हणजे ते वर्तुळ आणि १६५ म्हणजे येन. म्हणजे बाइट बरोबर आहेत, वाचणाऱ्याने तक्ता चुकीचा धरला आहे. प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये यूटीएफ-८ निवडले की मराठी परत येते. मात्र तोवर 'जतन करा' हे बटण दाबू नये. का, ते पुढे येईल.

दुसरे लक्षण: प्रत्येक अक्षराच्या जागी साधे प्रश्नचिन्ह. हा सर्वांत गंभीर आजार. वाटेत कोणीतरी मजकूर अशा तक्त्यात उतरवला की ज्यात देवनागरी नव्हतीच, आणि न सापडलेल्या प्रत्येक चिन्हाला ६३ हा प्रश्नचिन्हाचा क्रमांक देऊन टाकला. 'हिवरखेड'ची सात प्रश्नचिन्हे होतात आणि 'अमरावती'चीही सातच. सातांवरून मूळ शब्द कोणता हे जगातला कोणताही प्रोग्राम सांगू शकणार नाही. येथे दुरुस्ती नाही, फक्त वहीतली किंवा दुसऱ्या प्रतीतली नोंद आहे.

तिसरे लक्षण: रिकामे चौकोन. हे पाहून लोक घाबरतात, पण हा आजार सर्वांत सौम्य. क्रमांक शाबूत आहेत, त्या संगणकातल्या फॉन्टमध्ये तो आकार नाही, एवढेच. उदाहरणार्थ 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीच्या फॉन्टमध्ये 'ॲसिड'चा पहिला चौकोन दिसणे स्वाभाविक आहे. फॉन्ट बदला, अक्षर दिसेल.

चौथे लक्षण: अर्थ न लागणारी, पण साधी इंग्रजी अक्षरे. कोणीतरी जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवला आहे. त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागते आणि रूपांतरानंतर वाचूनही पाहावे लागते. वेलांटी उचलून अक्षरामागे नेताना ती पूर्ण जोडाक्षराच्या मागे न्यायची असते. 'स्थिती'तली पहिली वेलांटी 'स्' आणि 'थ' या दोघांनंतर यायला हवी. कच्चा रूपांतरक ती 'स्'लाच लावून मोकळा होतो.

पाचवे लक्षण: काळ्या चौकटीतले पांढरे प्रश्नचिन्ह, बहुधा शीर्षकाच्या शेवटी. हे साध्या प्रश्नचिन्हापेक्षा वेगळे. 'येथील बाइटचे अक्षर जुळत नाही,' असे संगणक म्हणतो आहे. समजा, शीर्षकाला १०० बाइटची मर्यादा आहे. मराठीची ३३ चिन्हे बसली की ९९ बाइट संपतात आणि चौतिसाव्याचा एकच बाइट मावतो. प्रोग्राम बाइट मोजून कापतो, अक्षर पाहत नाही. उपाय सोपा: शीर्षक लहान ठेवा.

कोणती अक्षरे परत येत नाहीत?

पहिल्या लक्षणात 'जतन करू नका' असे म्हटले. आता त्याचे कारण पाहू. चुकीच्या तक्त्याने वाचलेला मजकूर जतन केला, की प्रोग्राम त्या परदेशी चिन्हांचेच नव्याने बाइट बनवतो. 'ह'चे तीन बाइट होते त्यांचे सहा होतात. पुन्हा तीच चूक झाली तर आणखी वाढतात. फाइल कारण नसताना दुप्पट झाली असेल तर हाच संशय घ्यावा.

हे उलट क्रमाने सोडवता येते का? बहुधा येते, पण पूर्ण नाही. त्या १२५२ क्रमांकाच्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. या क्रमांकांना कोणतेच चिन्ह नेमलेले नाही. असा बाइट आला तर काही प्रोग्राम तो तसाच पुढे नेतात, काही त्याजागी प्रश्नचिन्ह ठेवतात. ज्यांनी प्रश्नचिन्ह ठेवले तेथे मूळ बाइट कायमचा गेला.

आता आपल्या अक्षरांपैकी कोणाचा तिसरा बाइट यांपैकी आहे ते शोधा. पाय मोडण्याच्या चिन्हाचा क्रमांक २३८१. त्याला ६४ ने भागले तर बाकी १३, आणि १२८ मिळवले की १४१. ऱ्हस्व उकाराचा क्रमांक २३६९, बाकी १, म्हणून १२९. याच रीतीने 'ए' १४३ वर, 'ऐ' १४४ वर आणि 'झ' १५७ वर येतो. म्हणजे अशा अपघातात सर्व अक्षरांना सारखी इजा होत नाही. 'अकोला', 'अमरावती', 'हिवरखेड' ही नावे सुखरूप परत येतील. 'तेल्हारा' येथे पाय मोडलेला 'ल' आहे आणि 'बुलढाणा' येथे ऱ्हस्व उकार आहे, म्हणून ती अडकतील. दुरुस्ती साधली की नाही हे तपासायला म्हणूनच 'हिवरखेड' हा शब्द निवडू नये. 'बुलढाणा', 'झुडूप', 'ऐन', 'एक' असे शब्द असलेली नोंद उघडून पाहावी.

'वऱ्हाड' सापडत नाही

कधी अक्षरे उत्तम दिसतात, पण शोध लागत नाही. रोजनिशीत 'वऱ्हाड' शोधला तर निम्म्याच नोंदी येतात. 'शेतकऱ्यांनी', 'दुसऱ्या', 'तऱ्हा' या शब्दांचेही तसेच. याचे कारण आपला खास मराठी अर्धा र.

तो लिहिण्याच्या दोन रीती प्रचारात आहेत. एकीत ऱ हे स्वतंत्र अक्षर (२३५३) आणि त्याचा पाय मोडायचा. दुसरीत साधा र (२३५२), मग पाय मोडण्याचे चिन्ह आणि नंतर एक अदृश्य 'जोडक' (८२०५). पहिल्या रीतीने 'वऱ्हाड'चे सहा क्रमांक होतात, दुसरीने सात. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. शोधणारा प्रोग्राम मात्र आकार पाहत नाही, क्रमांक जुळवतो. म्हणून एका रीतीने विचारले तर दुसऱ्या रीतीचे शब्द त्याला दिसत नाहीत. र आणि खाली नुक्ता अशी तिसरी रीतही आहे. युनिकोडचे प्रमाणीकरण ती पहिल्या रीतीत मिसळून घेते, परंतु जोडकाची रीत मिसळत नाही. तेव्हा शाळेत सर्वांनी एकच कळफलक वापरावा आणि जुन्या नोंदींत एका रीतीच्या जागी दुसरी घालून घ्यावी.

घड्याळाची खोडी

आता अक्षरे सोडून तारखेकडे वळू. भारतीय प्रमाणवेळ ही जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. सर्व्हर बहुधा जागतिक वेळ साठवतो. जुलैच्या १ तारखेला पहाटे ३ वाजता झालेल्या वादळाची नोंद सर्व्हरच्या लेखी ३० जूनच्या रात्री ९.३० ची ठरते. दाखवताना साडेपाच तास पुन्हा मिळवले तर काही बिघडत नाही. ते राहिले तर जूनचा पाऊस वाढतो आणि जुलैचा कमी होतो. मध्यरात्रीपासून पहाटे ५.३० पर्यंतच्याच नोंदी अशा सरकतात, दिवसाच्या सरकत नाहीत. त्यामुळे चूक लवकर लक्षात येत नाही. हवामान खात्याच्या रीतीप्रमाणे सकाळी ८.३० ला मोजलेला पाऊस सुरक्षित राहतो, कारण तेव्हा जागतिक वेळ त्याच तारखेचे ३ वाजलेली असते. तरीही निरीक्षणाची तारीख आणि वेळ मजकुरात स्वतंत्रपणे लिहिण्याची सवय लावावी. पाठवल्याची वेळ वेगळी आणि पाहिल्याची वेळ वेगळी.

दुसरी खोडी संगणकाच्या आतल्या घड्याळाची. ते वीज नसतानाही चालावे म्हणून आत रुपयाएवढा गोल सेल असतो, बहुधा सीआर २०३२ जातीचा, ३ व्होल्टचा. तो संपला की दर वेळी संगणक सुरू करताना तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग सुरक्षित जोडणीही होत नाही, कारण सर्व्हरचे प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले नाही असे संगणकाला वाटते. लोक इंटरनेटला दोष देतात; दोष काही रुपयांच्या सेलचा असतो.

उलटा प्रकार अधिक मजेशीर. लाइव्हजर्नलमध्ये नोंदीची तारीख आणि वेळ लिहिणाऱ्याच्या संगणकाकडून जाते, आणि 'ही नोंद क्रमाबाहेरची आहे' अशी खूण नसेल तर शेवटच्या नोंदीच्या आधीची तारीख सर्व्हर नाकारतो. समजा, एके दिवशी घड्याळ चुकून पुढच्या वर्षावर होते आणि एक नोंद गेली. दुसऱ्या दिवशी घड्याळ नीट लावले, आणि त्या क्षणापासून प्रत्येक नोंद परत येऊ लागली! आजची नोंद पुन्हा पुन्हा तपासून काही हाती लागत नाही, कारण ती बरोबरच आहे. रोग त्या 'भविष्यातल्या' नोंदीत आहे. ती शोधून तिची तारीख बदलली की वाट मोकळी होते.

एकच पाऊस दोनदा

गावात जोडणी मध्येच तुटणे नवे नाही. ती नोंद पोहोचण्याआधी तुटली तर नोंद गेली नाही, हे उघड आहे. पण नोंद पोहोचली आणि 'मिळाली' हा निरोप परत येताना तुटली तर? आपल्या प्रोग्रामला दोन्ही प्रसंग सारखेच दिसतात. तो म्हणतो 'पाठवता आले नाही', आपण पुन्हा पाठवतो, आणि ४२ मिलिमीटर पाऊस रोजनिशीत ८४ होतो. नोंद मिळाली की सर्व्हर तिला एक अनुक्रमांक देतो. निरोपच न मिळाल्याने तो क्रमांक आपल्याकडे नसतो.

चांगला प्रोग्राम पाठवण्याआधीच प्रत्येक नोंदीला स्वतःची खूण देतो. तीच खूण दुसऱ्यांदा आली तर सर्व्हर ती नवी नोंद धरत नाही. ही सोय नसेल तर पुन्हा पाठवण्यापूर्वी सर्व्हरवरची यादी मागवून पाहावी. शीर्षकावर मात्र विसंबू नये. 'हिवरखेड, पाऊस' हे शीर्षक रोजच असू शकते. शिवाय हिवरखेड अकोला जिल्ह्यात आहे तसेच अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातही आहे. दोन शाळांनी नोंदी एकत्र केल्या तर गोंधळ ठरलेला. ओळख पटायची तर शाळेचे नाव, निरीक्षणाची तारीख आणि अनुक्रमांक असे तिन्ही लागते.

दुरुस्तीची शिस्त

बिघाड शोधणे हा प्रयोगच आहे आणि प्रयोगवहीचे नियम येथेही लागू होतात. सर्वांत आधी, जे आहे त्याची प्रत काढून बाजूला ठेवा, बिघडलेल्या फाइलीचीसुद्धा. दुसरे, पूर्ण रोजनिशीवर उपाय करू नका. 'झुडूप', 'बुलढाणा', 'वऱ्हाड' आणि 'ॲसिड' हे चार शब्द असलेली एकच चाचणी-नोंद लिहा, पाठवा, परत मागवा आणि ताडून पाहा. वर सांगितलेल्या बहुतेक दोषांची परीक्षा या चार शब्दांत होते. तिसरे, एका वेळी एकच गोष्ट बदला. फॉन्ट, सेटिंग आणि घड्याळ एकदम बदलले आणि गुण आला, तर कशाने आला हे कळत नाही. चौथे, मूळ जागा शोधा. नोंद आपल्या संगणकात नीट असेल आणि सर्व्हरवर बिघडलेली असेल तर दोष पाठवण्यात आहे. सर्व्हरवरही नीट असेल तर दोष दाखवण्यात आहे. एवढ्या एका तुलनेने निम्मे काम होते.

आणि दर महिन्याच्या शेवटी सर्व नोंदी साध्या मजकुराच्या फाइलीत, यूटीएफ-८ मध्ये उतरवून एक प्रत वेगळी ठेवा. हे काम वर्गातल्या दोन मुलांकडे सोपवावे आणि त्यांनी ती प्रत उघडून, पाच नोंदी वाचून सही करावी. न वाचलेली प्रत ही प्रत नव्हे. पर्जन्यमापकाशेजारची कागदी वहीही बंद करू नये. तिला सेल लागत नाही, तक्ता लागत नाही, आणि संगणकात प्रश्नचिन्हे झाली तर उत्तर तिच्याकडेच असते.